वसईचा गोन्सालो गार्सिया

परदेशीं धर्मप्रसारास निघणाऱ्याची तयारी म्हटली म्हणजे गलबत, सामानसुमान व आप्तांचा निरोप एवढेंच चित्र आपल्यापुढें उभें राहतें. खरी तयारी निराळीच असते, हें आमच्या वाचकांस गोन्सालो गार्सियाच्या चरित्रावरून दिसेल.

आजच्या पालघर जिल्ह्यांतील वसई हें त्याचें जन्मगांव. काळ सुमारें १५५७. वसईपासून तारापूरपर्यंतचा किनारा त्या काळीं पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. जेझुइट पाद्र्यांजवळ शिकून तो पोरवयांतच त्यांच्याबरोबर जपानास गेला व तेथली भाषा त्यानें उत्तम आत्मसात केली. परंतु त्यांच्या संघांत त्यास प्रवेश मिळाला नाहीं. तेव्हां त्यानें व्यापार धरला. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यास धर्मबंधु म्हणून घेतलें.

१५९३ सालीं त्याच संघाचा पेद्रो बाउतिस्ता मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील म्हणून गेला, तेव्हां दुभाषी कोण? हाच वसईकर. ज्यास एका दारीं नकार मिळाला, त्याच्याच वाणीवांचून दुसऱ्यांचें पाऊल पुढें पडेना! पुढें हिदेयोशीची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २६ जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत गोन्सालोहि होता. १८६२ सालीं रोमनें त्यास संत ठरविलें.

धर्माविषयीं ज्याचें त्याचें मत कांहींहि असो. परक्यांस कांहीं सांगूं इच्छिणाऱ्यानें आधीं त्यांची भाषा आपली करावी, हा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.