नाच शिकवणाऱ्या दोघी

शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या मुली हौसेनं नाचतात, घरचे कौतुकानं फोटो काढतात. मुलगी नववी-दहावीला गेली की 'आता पुरे' सुरू होतं. त्यातून एखादी म्हणाली, 'मला नाचच शिकायचाय', तर घरात काय होईल ते मी सांगायला नको. म्हणून आज आपल्या महाराष्ट्रातल्या नाचाच्या दोन शाळांविषयी बोलू. एका शाळेला दारावर पाटी होती, दुसरीला नव्हती.

पहिली पुण्याची. रोहिणी भाटे यांनी १९४६ साली फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि कथक शिकायला लागल्या. १९४७ साली त्यांनी 'नृत्यभारती' ही संस्था काढली. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, रझाकारांची दहशत होती. पण पुण्यातल्या चांगल्या म्हणवणाऱ्या घरांतही 'नाच' म्हटलं की कपाळाला आठ्याच पडायच्या. अशा काळात एका शिकलेल्या बाईनं शाळा काढून लोकांच्या मुलींना बोलवायचं, हे धाडसच. शिकवता शिकवता त्या स्वतः शिकतही राहिल्या. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या गुरूंकडे त्यांनी वर्षानुवर्षं धडे घेतले.

त्यांनी केलेलं मोठं काम म्हणजे नाचाला अभ्यास बनवलं. आधी पायांचा तत्कार, मग हात, नजर, चक्कर. त्याचा अभ्यासक्रम बांधला, 'अभिनयदर्पण' हा जुना संस्कृत ग्रंथ मराठीत आणला, पुणे विद्यापीठातही शिकवलं. १९७९ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००८ साली त्या गेल्या, तोवर कथकचा क्लास लावणं ही पुण्यात अभिमानाची गोष्ट झाली होती.

इथं एक आठवण ठेवायला हवी. हेच कथक लखनौच्या कोठ्यांवर तवायफांनीही जपलेलं होतं. घराण्यांना नावं मिळाली ती मात्र बहुतेक पुरुष गुरूंच्या वंशाची.

दुसरी शाळा वाईची. यमुनाबाई वाईकर १९१५ साली कोल्हाटी समाजात जन्मल्या. लहानपणी रस्त्यावर नाचून पोट भरलं. त्यांची पहिली गुरू आईच, गीताबाई. पुढं त्यांची स्वतःची संगीत पार्टी झाली. संगीत बारी म्हणजे काय, तर एका थिएटरात चार-पाच पार्ट्या असतात आणि आपापली बारी आली की गातात, नाचतात. साथीला पेटी, तबला, ढोलकी. पोरगी आईच्या, मावशीच्या पायाकडे बघत शिकते. वही नाही, परीक्षा नाही.

यमुनाबाईंची खासियत होती बैठकीची लावणी. बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि दर वेळी डोळ्यांनी, बोटांनी तिचा नवा अर्थ दाखवायचा. एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा टोमणा. कथकमध्येही बसून भाव दाखवतात तो असाच. दोघींच्या कामात मला तरी उच्च-नीच दिसत नाही. यमुनाबाईंनाही १९७७ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणजे रोहिणीताईंच्या दोन वर्षं आधी. २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी कधीच ओलांडून गेल्या होत्या.

फरक होता तो शिकणाऱ्या पोरीच्या आयुष्यात. पुण्याची मुलगी क्लास सुटला की घरी जायची, पुढं लग्न करायची किंवा नाही करायची, ते तिच्या घरचं. बारीवर नाचणारीनं लग्न करायचं नाही असा रिवाज होता, आणि तिच्या कमाईवर भाऊ-भावजयांचा संसार चालायचा. आपल्या परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातले डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या पुस्तकात हे सगळं लिहिलं. आईचं नाव लावणारा हा मुलगा डॉक्टर झाला. मिळालं तर गटात एकीनं मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी ऐका. स्वातंत्र्याच्या सुमारास तर मुंबई सरकारनं तमाशावर बंदीच घातली होती, पुढं अटी घालून उठवली. त्या काळात या बायांच्या चुली कशा पेटल्या असतील!

आपल्याही जिल्ह्यात, कळंब तालुक्यात चोराखळीला कला केंद्रं आहेत. गावोगाव आराधी मेळ्यात गाणाऱ्या, संबळाच्या तालावर नाचणाऱ्या बाया आहेत. त्यांनीही कुणाकडून तरी शिकलंय, कुणाला तरी शिकवलंय. वयस्कर कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे. तिच्या अर्जाला कलेच्या कामाचे पुरावे लागतात. पाटीच्या शाळेत शिकलेलीकडे प्रमाणपत्र असतं. आईकडून शिकलेलीकडे काय असणार?

म्हणून गटातल्या मैत्रिणींनो, एक काम करा. गावातल्या अशा म्हाताऱ्या कलावंतीणीकडे जाऊन बसा. कुणाकडून शिकली, कुठं कुठं गायली, कुणाला शिकवलं, ते वहीत तारीख घालून लिहून घ्या. जुना फोटो, जत्रेचं हँडबिल, पेपरातलं कात्रण सापडलं तर त्याच्या झेरॉक्स काढा. मग पंचायत समितीत चौकशी करून अर्ज भरायला तिच्यासोबत कुणीतरी एकीनं जा.