वसईच्या मोहिमेचा हिशेब: शौर्य सगळ्यांना ठाऊक, पण दारू कुठून आली?

मंडळी, मे महिना आला की आपल्या मीरा-भाईंदरच्या सगळ्या ग्रुपवर चिमाजी अप्पांचे फोटो फिरायला लागतात. फिरायलाच पाहिजेत. पण दरवर्षी त्याच चार ओळी पुढे ढकलल्या जातात, म्हणून यंदा मी जरा वेगळ्या बाजूने लिहितोय. तलवारीबद्दल नाही, तर बंदुकीच्या दारूबद्दल. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

निमित्त वेगळंच होतं. अमेरिकेत राहणाऱ्या एका परिचिताला नेमबाजीचा छंद आहे. तिकडे बरेच छंदवाले वापरलेल्या काडतुसाची पितळी टोपणं जपून ठेवतात आणि घरच्या घरी पुन्हा दारू-गोळी भरतात. तिथे ते कायदेशीर आहे. तो सांगत होता की गेली काही वर्षं दुकानात दारूचा डबाच मिळत नाही, आणि मिळाला तर भाव ऐकून माणूस परत फिरतो. व्हिस्टा आउटडोअर ही तेव्हा तिथली मोठी कंपनी होती. तिने २०२३ च्या अखेरीस गिऱ्हाइकांना सरळ कळवलं की जगभर दारूची टंचाई होणार आहे, नव्या वर्षापासून भाव वाढतील. कारण युक्रेनचं युद्ध. तोफांच्या गोळ्यांना दारू लागते, आणि सैन्याची मागणी आली की छंदवाल्याचा नंबर शेवटचा.

हे ऐकून मला आपला धारावी किल्ला आठवला. तुम्ही म्हणाल, कुठे अमेरिका आणि कुठे चौक! सांगतो.

आधी शब्दाचंच बघू. मराठीत पिण्याची दारूही दारूच आणि उडवण्याची दारूही दारूच. मुंबईत रे रोडला दारूखाना आहे. आज जहाजं तोडण्याच्या धंद्यासाठी तो ओळखला जातो आणि नाव ऐकून नवखा माणूस हसतो. पण तो दारूखाना म्हणजे बंदुकीच्या दारूचं कोठार. माझगावला तर आजही गनपावडर रोड आहे. इंग्रजांनी मुंबईत दारूचा साठा किती जपला होता, हे या दोन नावांतच आलं.

आता दारू बनते कशाची? सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा कुठेही पाडता येतो. गंधक बहुतेक बाहेरून, समुद्रामार्गे यायचा. खरी गोम सोऱ्याची. जुन्या गावठाणाची, गोठ्याची माती खरवडायची, पाण्यात भिजवून गाळायची, ते पाणी आटवायचं, तेव्हा कुठे सोरा हाताला लागतो. बिहारमध्ये हे काम करणाऱ्यांना नोनिया म्हणत. पाटण्याचा सोरा जगात नावाजलेला होता. डच, फ्रेंच, इंग्रज सगळे त्याच्या मागे. प्लासीनंतर १७५८ साली इंग्रजांनी त्या सोऱ्याचा मक्ताच स्वतःकडे घेतला. लढाया मैदानात झाल्या, पण त्यांचं इंधन एका गरीब जातीच्या माणसांनी गोठ्याच्या मातीतून काढलेलं होतं. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचं नाव शोधून सापडत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ.

१७३७ साली चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली. ठाणे पडलं, आपलं घोडबंदर मराठ्यांकडे आलं, साष्टीचा बराचसा भाग हाती आला. पण वसई उभीच. नकाशा उघडून बघा: वसईचा किल्ला खाडीच्या उत्तर तोंडावर, आणि बरोबर समोर दक्षिणेला, आपल्या भाईंदर पश्चिमेला, उत्तन-चौकच्या बाजूची धारावीची टेकडी. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या टेकडीच्या नजरेखालून जातं. वसईला धान्य जायचं असो, माणसं जायची असोत की दारूगोळा, वाट हीच. म्हणून धारावीसाठी एवढी झटापट झाली, आणि १७३९ च्या मार्च महिन्यात ती पक्की मराठ्यांच्या ताब्यात आली.

लोक म्हणतात धारावी किल्ला छोटा, तिथे बघण्यासारखं काय आहे? अहो, तो बघण्यासाठी बांधलेलाच नव्हता. तो वसईच्या गळ्यावरचा अंगठा होता. धारावी गेली आणि वसईची रसद आवळली.

दुसरी वाट गोव्याहून होती. तीही मराठ्यांनी अडकवून ठेवली. १७३९ च्या जानेवारीत व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर यांनी गोव्यावर चाल केली आणि मडगावपर्यंत धडक मारली. गोव्याचा व्हाइसरॉय स्वतःच्याच घराची काळजी करत बसला, वसईला काय पाठवणार? एकाच वेळी दोन टोकांना रसद तोडायची, हा डाव होता. मला या मोहिमेतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि नेमकी हीच आपल्या फॉरवर्डमध्ये नसते.

राहिली मुंबई. पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांचं धोरण व्यापाऱ्याचं. दारूगोळ्याची थोडीफार मदत केली, पण उघड युद्धात पडले नाहीत. शेवटी पैसे मागितले तेव्हा पंधरा हजार रुपये दिले, तेही चर्चची चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा तारण ठेवून. जरा विचार करा, वेढ्यात सापडलेला माणूस तोफा गहाण टाकतोय. घरात पिठाचा कण नसताना तवा विकल्यासारखंच की हे! दारू नसली, पगार नसला, तर तोफ म्हणजे नुसतं पितळ.

मराठ्यांकडेही सगळं आलबेल नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दारू घाटावरून उतरवायची, खाड्या ओलांडायच्या, आणि कोकणातल्या दमट हवेत ती कोरडी ठेवायची. दारू ओली झाली की संपलं. वर पावसाळ्याची टांगती तलवार. जून लागला की वेढा चिखलात रुतणार, सगळी मेहनत वाया. म्हणून मेमध्येच सोक्षमोक्ष लावायचा होता. सॅन सेबॅस्टियन बुरुजाच्या बाजूला सुरुंग खणले. सुरुंग म्हणजे पुन्हा दारूच, आणि तीही पोत्यांनी. एक सुरुंग उडाला, भिंत फुटली, माणसं वर धावली. दुसरा वेळेवर उडाला नाही, उशिरा उडाला, आणि आपल्याच माणसांवर उडाला. ग्रँट डफने मराठ्यांच्याच कबुलीचा आकडा दिला आहे: वेढ्यात मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांच्या वर. पोर्तुगीजांचे आठशे.

पाच हजार. स्टेटसला फोटो ठेवताना हा आकडा डोळ्यासमोर आणा. वात उशिरा पेटली म्हणून यातली किती माणसं गेली असतील!

मग वसईने पांढरं निशाण दाखवलं. शेवटचा किल्लेदार कैतान द सोझा परेरा. तहात पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत निघून जायची मुभा दिली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक दिली. हे मुद्दाम लिहितोय. दरवर्षी कोणीतरी या विजयाच्या पोस्टखाली उत्तन-गोराईच्या आपल्या शेजाऱ्यांना टोमणे मारतो. ते इथलेच आहेत, इथल्याच कोळ्यांची, शेतकऱ्यांची लेकरं आहेत. जिंकलेल्या अप्पांनी जे केलं नाही, ते आपण मोबाइलवर बसून कशाला करायचं?

वसई पडल्यावर मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. कोटाभोवती खंदक खणायला व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तीस हजार रुपये जमवले. त्यांना धडा लगेच कळला होता: साठा भरलेला असला तरच भिंतीला अर्थ आहे.

आता म्हणाल, आजचा काय संबंध?

आजची दारू सोऱ्याची नाही. १८४६ साली शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसापासून स्फोटक तयार केलं, आणि १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्येय याने त्यातून बिनधुराची दारू बनवली. तेव्हापासून बंदुकीच्या दारूचा कच्चा माल कापूस. सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू असतात ना, ते. युरोपला युक्रेनसाठी तोफगोळे वाढवायचे झाले, तेव्हा लक्षात आलं की हे तंतू मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. म्हणजे पुन्हा १७३९ चीच गोष्ट. कारखाना आपला, तोफ आपली, आणि खाडीच्या तोंडावरची टेकडी दुसऱ्याच्या हातात.

आपल्या महाराष्ट्राकडे बघा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. वरणगावला बंदुकीच्या गोळ्या बनतात. भंडाऱ्याच्या जवाहरनगरला दारू आणि स्फोटकं. विदर्भात कापूस तर आहेच. आणि याच भंडाऱ्यात २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, आठ कामगार गेले. दोन दिवस बातमी चालली, मग विसरलो. बिहारचे नोनिया विसरलो तसेच. पुरवठा हा कोरडा शब्द आहे, पण त्याच्या टोकाला कायम कोणाचा तरी हात असतो.

छंदवाल्यांचंही सांगतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं किंवा भरणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा अमेरिकेतले व्हिडिओ बघून कोणी घरात प्रयोग करू नयेत. कायद्यापायी म्हणा, जिवापायी म्हणा. पण टंचाईची झळ आपल्यालाही लागते. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, आपण सगळ्यांनी फटाके उडवले. त्या प्रकारात पॉइंट टू टूची गोळी लागते आणि वरच्या दर्जाच्या गोळ्या इंग्लंड, जर्मनी, फिनलंडच्या. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्याही प्रकारात तीच गोळी. ही गोळी पुन्हा भरताही येत नाही. उडवली की संपली. नेमबाजी हा सरावाचा खेळ. परदेशात टंचाई झाली की भाव चढतो, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो नाव न झालेल्या, घरच्या पैशाने खेळणाऱ्या मुलामुलींना. पदकवाल्याला सरकार गोळ्या देईल, पदकाच्या वाटेवरच्याला कोण देणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शौर्याचा अभिमान ठेवा, पण त्याच्या मागचा हिशेबही वाचा. वसई पाच हजार माणसांच्या धैर्याने पडली, आणि दोन वाटा बंद केल्या म्हणूनही पडली. यातलं एक सांगून दुसरं गाळलं, तर अप्पांच्या बुद्धीचा आपणच अपमान करतो.

धारावी किल्ल्यावर आज अप्पांचं स्मारक आहे. चांगली गोष्ट. पण तिथे एक साधा नकाशा लावावा अशी माझी महापालिकेला विनंती आहे: समोर वसई, मध्ये खाडी, इथे धारावी, आणि गलबतांची वाट. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. शाळेतलं पोर तिथे उभं राहून समोर बघेल आणि त्याला आपोआप कळेल की आपल्या भाईंदरच्या या छोट्या टेकडीपायी दोन सत्ता का भांडत होत्या.

घोडबंदरबद्दल पुढच्या वेळी लिहितो. कोणाच्या घरी जुनी कागदपत्रं, मोडी लिपीतल्या चिठ्ठ्या, किल्ल्यांचे जुने फोटो असतील तर कमेंटमध्ये कळवा. भर घाला, चर्चा करा. फक्त शेजाऱ्याला दुखवू नका.