शशिकलाताई काकोडकर : गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री

“मुलगी हुशार आहे, पण कॉलेज लांब आहे,” हे वाक्य आपल्या समाजातील अनेक घरांत ऐकू येते. अशा पालकांनी श्रीमती शशिकलाताई काकोडकर यांचे चरित्र अवश्य डोळ्यांसमोर आणावे.

ताईंचा जन्म १९३५ सालचा. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. वडील दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर हे खाणमालक. कन्येचे शिक्षण त्यांनी अर्ध्यावर थांबविले नाही. ताई धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून बी. ए. झाल्या, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून एम. ए. झाल्या.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले. ताई १९६७ साली आमदार व १९७२ साली राज्यमंत्री झाल्या. ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेबांचे निधन झाले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्रिपदाची धुरा ताईंच्या खांद्यावर आली. हे पद वडिलांच्या पुण्याईने मिळाले, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरेही आहे. परंतु १९७७ च्या निवडणुकीनंतर त्याच पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा वडील हयात नव्हते.

त्यांच्या कारकिर्दीत गरिबांसाठी दोन मोठी कामे झाली. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरविले. एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षीय आमदार फुटले, सरकार कोसळले व राष्ट्रपती राजवट आली.

सत्ता गेली तरी ताई खचल्या नाहीत. १९९० साली शिक्षणमंत्री या नात्याने त्यांनी प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान मातृभाषेतील शिक्षणाशी जोडले. २०११ साली इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचे ठरताच, पंचाहत्तरी उलटलेल्या ताई विरोधासाठी पुढे आल्या. माध्यमाविषयी मतभेद असू शकतात; त्यांची निष्ठा मात्र वादातीत होती. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

आसामात १९८० साली सय्यदा अन्वरा तैमूर मुख्यमंत्री झाल्या. भारतातील त्या पहिल्या मुस्लिम महिला मुख्यमंत्री. राजकारणापूर्वी त्या जोरहाटच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत.

भाऊसाहेबांसारखे वडील प्रत्येकीला लाभत नाहीत. परंतु मुलीला कॉलेजात पाठविणारे वडील होणे आपणा प्रत्येकाच्या हाती आहे. सोलापूरच्या मुलींना तर कॉलेजसाठी धारवाड गाठण्याचीही गरज नाही.