पुसून टाकलेला ताल : ऑझी ऑझबर्नचे दोन अल्बम आणि चाहत्यांनी लढवलेला अस्सलपणाचा वाद

१/
गिटारवादक रँडी ऱ्होड्स १९ मार्च १९८२ रोजी विमान अपघातात मरण पावला. त्यानंतर वीस वर्षांनी, २००२ मध्ये, त्याचे दोन गाजलेले अल्बम नव्याने बाजारात आले. त्यांत तो अशा दोन वादकांच्या साथीने वाजवताना ऐकू येत होता, ज्यांच्यासोबत त्याने स्टुडिओत कधी पाऊलही ठेवले नव्हते. हे कसे घडले, कोणी घडवले आणि चाहत्यांनी त्याला कसे उत्तर दिले, त्याचा हा इतिहास.

२/
आरंभ १९७९ मधला. मद्य आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या ऑझी ऑझबर्नला ‘ब्लॅक सॅबथ’ या ब्रिटिश बँडमधून काढून टाकण्यात आले. त्याची कारकीर्द संपली, असेच अनेकांना वाटले. पण लवकरच त्याच्याभोवती नवी मंडळी जमली. लॉस एंजेलिसच्या ‘क्वायट रायट’ बँडमधला तरुण रँडी ऱ्होड्स गिटारवर आला. ‘रेनबो’मध्ये वाजवलेला ऑस्ट्रेलियन बॉब डेझली बासवर, तर ‘युराया हीप’चा ली कर्स्लेक ड्रम्सवर.

३/
या चौघांनी १९८० च्या वसंतात इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या रिज फार्म स्टुडिओत ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ ध्वनिमुद्रित केला. कीबोर्डवर डॉन एअरी होता. सप्टेंबर १९८० मध्ये हा अल्बम ब्रिटनमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रकाशित झाला. ‘क्रेझी ट्रेन’ आणि ‘मिस्टर क्राउली’ ही गाणी यातलीच. गीतांच्या श्रेयनामावलीत ऑझी आणि ऱ्होड्ससोबत डेझलीचेही नाव आहे.

४/
वादाचे बीज मात्र याच अल्बमात होते. डेझलीच्या म्हणण्यानुसार ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हे मुळात बँडचे नाव ठरले होते. वेष्टनावर मात्र ऑझी ऑझबर्न हे नाव ठळक झाले आणि बँडचे नाव अल्बमचे शीर्षक होऊन बसले. प्रश्न मानापमानापुरता नव्हता. बँड म्हटला की वादक भागीदार ठरतात आणि एकट्याचा प्रकल्प म्हटला की ते पगारी साथीदार उरतात. पुढची सर्व न्यायालयीन भांडणे याच फरकातून उगवली.

५/
दुसरा अल्बम, ‘डायरी ऑफ अ मॅडमन’, याच चौघांनी १९८१ च्या पूर्वार्धात त्याच स्टुडिओत पूर्ण केला. तो प्रकाशित होण्याआधीच डेझली आणि कर्स्लेक यांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. नोव्हेंबर १९८१ मध्ये अल्बम आला, तेव्हा त्यावर वादक म्हणून नावे आणि छायाचित्रे छापलेली होती रूडी सार्झो आणि टॉमी ऑल्ड्रिज यांची. हे दोघे दौऱ्यासाठी नेमलेले नवे वादक होते. अल्बममध्ये त्यांचा एकही सूर नव्हता.

६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबावे. १९८१ मध्ये खोटे होते ते वेष्टनावरचा मजकूर. आतली ध्वनिफीत मात्र खरी होती. कागद काहीही म्हणो, तबकडीवर सुई टेकली की डेझलीचा बास आणि कर्स्लेकचे ड्रम्सच कानी पडत. साधन शाबूत असले, की त्याच्यावरची चुकीची नोंद उशिरा का होईना, पण दुरुस्त करता येते.

७/
१९८२ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातील लीसबर्ग येथे छोटे विमान कोसळून ऱ्होड्सचा मृत्यू झाला. तो अवघा २५ वर्षांचा होता. ऑझीसोबत त्याने स्टुडिओत केलेले पूर्ण अल्बम एवढे दोनच. साहजिकच चाहत्यांच्या लेखी हे अल्बम करमणुकीपुरते राहिले नाहीत, ते ऱ्होड्सचा वारसा झाले. अकाली गेलेल्या कवीची दोनच हस्तलिखिते मागे उरावीत, तसे.

८/
दरम्यान डेझली आणि कर्स्लेक यांनी न्यायालयाची वाट धरली होती. १९८० च्या दशकात त्यांनी ‘जेट रेकॉर्ड्स’ या मूळ प्रकाशक कंपनीविरुद्ध दाद मागितली आणि श्रेय व रॉयल्टीच्या बाबतीत त्यांना यश आले. पुढे त्यांनी ऑझी आणि त्याची पत्नी व व्यवस्थापक शॅरन यांच्याविरुद्धही दावा लावला. तो मात्र अमेरिकेतील न्यायालयाने फेटाळला आणि २००३ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

९/
हे भांडण धुमसत असतानाच २००२ ची नवी आवृत्ती आली. तिची कृती तांत्रिकदृष्ट्या सोपी होती. स्टुडिओत प्रत्येक वाद्य फितीवरच्या वेगळ्या पट्टीवर मुद्रित होते. मूळ फितीवरच्या बास आणि ड्रम्सच्या पट्ट्या बंद केल्या, ऑझीचा आवाज आणि ऱ्होड्सची गिटार तशीच ठेवली आणि त्यांच्याखाली नवा बास व नवे ड्रम्स वाजवून घेतले. बास वाजवला रॉबर्ट ट्रुहियोने आणि ड्रम्स ‘फेथ नो मोर’च्या माइक बॉर्डिनने. दोघेही तेव्हा ऑझीच्या बँडमध्ये होते.

१०/
कारण काय देण्यात आले? डेझली आणि कर्स्लेक यांच्या अपमानास्पद व अन्याय्य वागणुकीमुळे ऑझीला त्यांना या ध्वनिमुद्रणांतून काढून टाकायचे होते, अशी शॅरनची भूमिका होती. पुढे ऑझीने मात्र हा निर्णय आपला नव्हता, शॅरनचा होता, असे सांगितले. कोणाचेही खरे माना, एक गोष्ट दोन्ही निवेदनांतून निघते : बदलाचे कारण सांगीतिक नव्हते. जुने वादन सदोष होते, असा दावा कोणी केलाच नाही.

११/
चाहते खवळले. त्यांचा पहिला आक्षेप निवडीचा होता. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीशेजारी ठेवलेली नव्हती, ती जुन्या आवृत्तीच्या जागी बसवलेली होती. शीर्षक तेच, मुखपृष्ठ तेच. २००२ मध्येच ‘द ऑझबर्न्स’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली होती आणि ऑझीचे नाव घराघरांत पोहोचले होते. त्या वर्षी कुतूहलाने पहिल्यांदा हा अल्बम विकत घेणाऱ्याच्या हाती पडली ती बदललेली प्रत. आपण १९८० चे वादन ऐकत आहोत, असा त्याचा समज होणे अगदी स्वाभाविक होते.

१२/
दुसरा आक्षेप कानाचा होता. ‘ओव्हर द माउंटन’ हे गाणे कर्स्लेकच्या ड्रम्सच्या एका आवेशपूर्ण तुकड्याने सुरू होते. ‘बिलीव्हर’चा आरंभ बासने होतो. ज्यांनी ही गाणी वीस वर्षे ऐकली, त्यांना पहिल्या काही सेकंदांतच परक्या माणसाचा हात जाणवला. डेझलीचा बास गिटारच्या मागे नुसता चालत नाही, तो गिटारशी बोलतो. १९८० मध्ये ऱ्होड्सने जे वाजवले, ते या बोलण्याच्या ओघात वाजवले. समोरचा बोलणारा बदलला आणि ऱ्होड्सची उत्तरे मात्र तीच राहिली, अशी ती अवस्था होती.

१३/
तरीही चाहत्यांचे मत एकमुखी नव्हते. ट्रुहियो आणि बॉर्डिन हे सामान्य वादक नव्हेत, हे रागावलेल्यांनीही मान्य केले. रोष वादकांवर कमी आणि निर्णयावर अधिक होता. काहींचे म्हणणे असे, की गाणे म्हणजे मुख्यतः आवाज आणि गिटार, ती दोन्ही जागच्या जागी आहेत, मग आकांडतांडव कशाला? शिवाय ज्यांनी हे संगीत २००२ च्या आवृत्तीतूनच पहिल्यांदा ऐकले, त्यांच्या कानात तोच ताल बसला. पहिल्या भेटीत ऐकलेले रूप मनात मूळ म्हणून घर करते. जुन्या चाहत्यांचा राग काही अंशी याच सवयीतून आला होता, हेही नाकारता येत नाही.

१४/
मग हा सगळा वाद जुन्याच्या मोहाचा होता का? पडताळणीसाठी दुसरे उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियाच्या ‘सुइसायडल टेंडन्सीज’ या बँडने १९८३ च्या आपल्या पहिल्या अल्बमातील गाणी १९९३ मध्ये ‘स्टिल सायको आफ्टर ऑल दीज इयर्स’ या नावाने पुन्हा ध्वनिमुद्रित केली. गायक माइक म्युअर वगळता जुन्या संचातील कोणीही त्यात नव्हते. योगायोग असा, की त्यातला बासवादक होता रॉबर्ट ट्रुहियो.

१५/
त्या अल्बमावरही मते विभागली. कोणाला पहिल्या ध्वनिमुद्रणाचा कच्चा, रांगडा आवाज प्रिय, तर कोणाला नव्या संचाची सफाई आणि ताकद. पण हा वाद आवडीनिवडीचा होता. फसवल्याची भावना त्यात नव्हती, कारण नव्या अल्बमाचे नावच वेगळे होते आणि जुना अल्बम त्याच्या जागी राहिला होता. तोच वादक, तीच पुनर्ध्वनिमुद्रणाची रीत, आणि चाहत्यांची प्रतिक्रिया मात्र निराळी.

१६/
अलीकडचे उदाहरण ‘कार सीट हेडरेस्ट’चे. विल टोलेडो याने वयाच्या १९ व्या वर्षी, २०११ मध्ये, ‘ट्विन फँटसी’ हा अल्बम घरगुती साधनांवर जवळजवळ एकट्याने केला. २०१८ मध्ये त्याने तो पूर्ण बँडसह पुन्हा ध्वनिमुद्रित केला आणि काही ठिकाणी शब्दही बदलले. जुन्या रूपाला ‘मिरर टू मिरर’ आणि नव्याला ‘फेस टू फेस’ अशी उपशीर्षके दिली. दोन्ही रूपे श्रोत्यांना उपलब्ध राहिली.

१७/
तिथले चाहते आजही दोन तटांत आहेत. खरखरीतून ऐकू येणारी एकोणीस वर्षांच्या मुलाची अगतिकता नव्या रूपात हरवली, असे एक गट मानतो. त्या मुलाला जे म्हणायचे होते ते आता कुठे स्पष्ट झाले, असे दुसरा गट म्हणतो. या वादाने दोन्ही रूपांचे मोल वाढले. हस्तलिखितांच्या अभ्यासात ज्याला पाठभेद म्हणतात, तो हाच. दोन पाठ समोर असले की वाचक शहाणा होतो. एक पाठ नष्ट केला की त्याला उरलेल्या पाठावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

१८/
म्हणजे पुनर्ध्वनिमुद्रण हा मुळात अपराध नाही. कलावंताला आपली कृती पुन्हा घडवण्याचा अधिकार आहे. २००२ मध्ये चाहत्यांना खुपले ते मूळ पाठ बाजारातून काढून घेणे, आणि तेही ज्यांनी तो घडवला त्यांना शिक्षा म्हणून. पराभूत राजाचे नाव शिलालेखातून खरवडून काढण्याची रीत जगाच्या इतिहासात जुनी आहे. इथे खरवडले गेले ते दोन कष्टकरी वादकांचे काम.

१९/
चाहत्यांनी मग तेच केले, जे अशा वेळी दफ्तरे सांभाळणारे करतात. जुन्या तबकड्या आणि १९९५ ची सीडी जपून ठेवली, सेकंड हँड दुकानांतून शोधली, नवख्यांना कोणत्या वर्षीची प्रत घ्यावी आणि कोणती टाळावी हे बजावले. प्रत हाती घेताच आधी वर्ष पाहायचे आणि मग वादकांची नावे वाचायची, ही सवय त्यांना लागली. साधनचिकित्सेचा पहिला धडा याहून वेगळा नसतो.

२०/
अखेर ३१ मे २०११ रोजी दोन्ही अल्बमांच्या नव्या आवृत्त्या प्रकाशित झाल्या आणि त्यांत डेझली व कर्स्लेक यांचे मूळ वादन परत आले. नऊ वर्षांचा वनवास संपला. मूळ फिती कोणी नष्ट केल्या नव्हत्या, त्या केवळ कपाटात बंद होत्या, म्हणून हे शक्य झाले. पट्टी बंद करणे आणि पट्टी पुसणे यांत किती मोठे अंतर असते, ते यावरून कळते.

२१/
कर्स्लेकची कथा तिथे संपली नाही. कर्करोगाने ग्रासलेल्या त्या वादकाची एक इच्छा होती : या दोन अल्बमांच्या विक्रीबद्दल दिल्या जाणाऱ्या प्लॅटिनम तबकड्या मरण्यापूर्वी आपल्या भिंतीवर लागाव्यात. त्याने ऑझी आणि शॅरन यांना तसे कळवले. २०१९ च्या आरंभी त्या तबकड्या त्याला मिळाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, तो गेला. न्यायालयांत वर्षानुवर्षे लढलेल्या माणसाने शेवटी मागितले ते ‘हे मी वाजवले आहे’ या वाक्याला मिळालेले शिक्कामोर्तब.

२२/
ऑझीचेही २२ जुलै २०२५ रोजी निधन झाले. आता उरला एक प्रश्न, आणि तो चाहत्यांना अडचणीत टाकणारा आहे. मूळ वादन परतल्यावर २००२ ची आवृत्ती मागे पडली आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मूळ पाठ जपण्याचा आग्रह प्रामाणिक असेल, तर हाही पाठ जपावा लागेल. एका व्यावसायिक भांडणाने संगीताचे काय केले, याचा सर्वांत बोलका पुरावा तीच सीडी आहे.

२३/
ज्यांच्या कपाटात ती पडून असेल, त्यांनी ती फेकू नये. १९८० च्या प्रतीशेजारी ठेवावी आणि एकदा तरी दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. ऱ्होड्सची गिटार दोन्हीकडे तीच आहे. तिला उत्तर देणारी माणसे कोण होती, ते पहिल्या प्रतीत ऐकू येईल. ती माणसे कोणाला नकोशी झाली होती, ते दुसरीत.