प्रसूतिकक्षातील विद्यार्थिनीला आधार कोणाचा?

दापोली तालुक्यातील केळशी हे गाव महालक्ष्मीचे देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि खाडीच्या तोंडावरील वाळूची टेकडी यांमुळे पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना परिचित आहे. मात्र या गावातील मुलीने बारावीनंतर परिचारिका व प्रसाविका होण्याचे ठरविले, तर पहिल्याच दिवशी तिला गाव सोडावे लागते. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत जायलाच एसटीने तासाहून अधिक वेळ लागतो. पदवीचे शिक्षण हवे असेल तर चिपळूणजवळील डेरवण, रत्नागिरी किंवा थेट पुणे-मुंबई गाठावी लागते. घरापासून दूर, अपरिचित शहरात, दिवसाचे वर्ग आणि पाळीची ड्युटी सांभाळीत शिकणाऱ्या अशा विद्यार्थिनीस शैक्षणिक व व्यावहारिक साहाय्य कोठून मिळू शकते, याची माहिती पालकांना क्वचितच असते.

प्रथम अभ्यासक्रमांविषयी. आपल्याकडे केवळ प्रसाविका म्हणून वेगळी पदवी घेण्याची पद्धत रुजली नाही. परिचर्येच्या शिक्षणातच प्रसूतिशास्त्र शिकविले जाते. ‘एएनएम’ हा दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी असलेला अभ्यासक्रम आरोग्य उपकेंद्रातील सेविकेच्या कामाशी जोडलेला आहे. ‘जीएनएम’ ही तीन वर्षांची पदविका, तर बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. राज्यातील बहुतेक पदवी महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. शिक्षण पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्याखेरीज काम करता येत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासणे म्हणूनच अगत्याचे. मान्यता नसलेल्या संस्थेत फुकट गेलेली वर्षे कोणतीही शिष्यवृत्ती परत देऊ शकत नाही.

या शिक्षणात विद्यार्थिनीला आधार देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने विधवा व निराधार स्त्रियांना परिचारिकेचे आणि सुईणीचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले, त्यांना ससून रुग्णालयात शिकण्यास पाठविले. उच्चवर्णीय घरातील बाईने रुग्णाला स्पर्श करायचा, रात्री घराबाहेर राहायचे, ही त्या काळी सहन न होणारी गोष्ट होती. त्यामुळे पाठ्यपुस्तकाइतकीच गरज होती ती राहण्याच्या प्रतिष्ठित जागेची आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रीची. सेवासदनाने वसतिगृह चालविले ते याच जाणिवेतून. केळशीच्याच तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने पुढे परिचर्येचे महाविद्यालय काढले. मुंबईतील लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून पदवीचे शिक्षण देत आहे. आजचे विद्यार्थी कल्याण विभाग, समुपदेशक आणि शिष्यवृत्ती कक्ष हे एका अर्थी त्या जुन्या वसतिगृहाचेच वारसदार म्हणावे लागतील. फक्त त्यांच्याकडे अर्ज करावा लागतो, आणि अर्ज कसा करायचा हे सांगणारी वडीलधारी बाई आता कार्यालयात असतेच असे नाही.

शैक्षणिक साहाय्याचा खरा कस लागतो तो प्रसूतिकक्षात. प्रत्येक विद्यार्थिनीला ठरावीक संख्येने गर्भवतींची तपासणी करावी लागते, देखरेखीखाली प्रसूती कराव्या लागतात, बाळंतीण व नवजात बालकाची शुश्रूषा करावी लागते आणि हे सारे नोंदवहीत शिक्षिकेच्या स्वाक्षरीनिशी लिहावे लागते. विद्यार्थिनींच्या भाषेत ‘केस पूर्ण होणे’ हीच वर्षाची मोठी चिंता असते. ती अनाठायी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयात होतात, परंतु २५.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. म्हणजे दवाखान्यात येणाऱ्या स्त्रिया वाढल्या, तरी ज्या नैसर्गिक प्रसूतींवर विद्यार्थिनीचा हात बसायचा त्यांचा वाटा आक्रसला. त्यात एकाच कक्षात वैद्यकीय शाखेचे प्रशिक्षणार्थीही असतील, तर नर्सिंगची विद्यार्थिनी भिंतीला टेकून उभी राहते. युरोपीय संघाच्या नियमांत प्रसाविकेच्या शिक्षणासाठी स्वतः केलेल्या ४० प्रसूती अपेक्षित आहेत. तेवढ्या उपलब्ध नसल्यास किमान ३०, मात्र आणखी २० प्रसूतींत साहाय्य. आकडा गाठण्यासाठी खोटी नोंद करण्याऐवजी पर्याय काय, हे तेथे नियमातच लिहिलेले आहे. आपल्या महाविद्यालयांनी ही अडचण वर्षाअखेरीवर न ढकलता प्रत्येक विद्यार्थिनीच्या नोंदवहीचा दरमहा आढावा घ्यावा आणि जिच्या केस कमी आहेत तिची पाळी आधी लावावी. त्याला पैसा लागत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. महाविद्यालय निवडताना इमारत पाहण्यापेक्षा प्रसूतिकक्षात विद्यार्थिनींसमवेत ट्यूटर प्रत्यक्ष उभी राहते का, हे आधीच्या तुकडीतील मुलींना विचारावे. कळा मोजणे, पार्टोग्राफ भरणे, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणे या गोष्टी वर्गात समजतात, परंतु रक्तस्राव सुरू झाल्यावर काय करायचे हे कोणाच्या तरी शेजारी उभे राहूनच कळते. विद्यार्थिनीला एकटे सोडले तर धोका तिच्या गुणपत्रिकेला नसतो, टेबलावरील बाईला असतो. परिषदेने २०२१ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा केला, तेव्हा कुशल प्रसूतीसेवेचे प्रशिक्षण आणि ‘सेफ डिलिव्हरी ॲप’ यांचा त्यात समावेश केला. हे ॲप मोबाइलवर विनामूल्य मिळते. वाचनालय दूर असलेल्या मुलींना उजळणीसाठी ते उपयोगी पडते; कौशल्य प्रयोगशाळेतील पुतळ्यावरील सरावाला मात्र ते पर्याय नव्हे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींची अडचण निराळी. पदवी व पदविकेचे शिक्षण इंग्रजीत चालते, आणि शरीररचनेच्या पहिल्याच पेपरला अनेक जणी गळाठतात. ज्या संस्था पहिल्या काही महिन्यांत इंग्रजीचे जादा वर्ग घेतात, शब्दसूची देतात, वरच्या वर्गातील विद्यार्थिनीकडे दोन-तीन जणींची जबाबदारी सोपवितात, त्या संस्थांतील मुली टिकतात. गंमत अशी, की वॉर्डात हेच मराठी मोलाचे ठरते. अडलेल्या बाईला तिच्या बोलीत धीर देणे हे कोकणातून आलेल्या मुलीला शिकवावे लागत नाही.

आता पैशाचा प्रश्न. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात केळशी, आंजर्ले, मुरुड या पट्ट्यातील माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवे झाड उत्पन्न देईपर्यंत लागणारी वर्षे आणि मुलीच्या शिक्षणाची वर्षे अनेक घरांत एकच असणार. राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरले जातात. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तसेच अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या प्रमुख योजना होत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. येथे एक मेख आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी लागू नाही, हे दलाल सांगत नाहीत.

कागदपत्रे प्रवेशाआधीच जमवावीत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचे प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर यांसाठी केळशीकरांचे तहसील कार्यालय दापोलीला. कोकणात अल्पभूधारकाचा दाखला ही तर स्वतंत्र कथा आहे: सातबाऱ्यावर चुलत्यांपासून मुंबईकर भावंडांपर्यंत पंधरा-वीस नावे आणि वाटणी झालेली नाही! निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांची मुदत येथेच टळते. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडकून पडते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाची ‘कमवा व शिका’ योजनाही आहे, मात्र पाळीची ड्युटी करणाऱ्या मुलीला त्यासाठी वेळ उरतोच असे नाही.

आरोग्य आणि सुरक्षितता हा विषय माहितीपत्रकांत सहसा दोन ओळींत उरकला जातो. वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी कावीळ-बी लसीच्या मात्रा सुरू झाल्या पाहिजेत. सर्वसाधारण वेळापत्रकात दुसरी मात्रा महिन्याने व तिसरी सहा महिन्यांनी असते. प्रसूतीच्या वेळी सुई टोचली किंवा रक्त डोळ्यात उडाले, तर जागा पाण्याने धुऊन त्वरित वरिष्ठांना कळवावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. बोलणी बसतील या भीतीने मुली हे लपवितात, आणि तेथेच घात होतो. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक असून रुग्णालयातील ड्युटीच्या वेळीही विद्यार्थिनीला तिच्याकडे दाद मागता येते.

मृत बालकाचा जन्म किंवा मातेचा मृत्यू पाहिल्यानंतर एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची झोप उडते. तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कक्षात पाठविण्यापूर्वी ट्यूटरने तिच्याशी अर्धा तास बोलणे हे औपचारिक समुपदेशनाहून अधिक उपयोगी पडते. महाविद्यालयात समुपदेशक नसल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

नोंदणीनंतरचा मार्गही आता थोडा रुंदावला आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रसूतीच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यांत आहे. २०२३ च्या राष्ट्रीय कायद्याच्या शीर्षकातही परिचर्येच्या जोडीला प्रसाविका-व्यवसायाचे नाव आले. विशेष प्रशिक्षणाची इच्छा असलेल्या विद्यार्थिनींनी पहिल्या नोकरीपासूनच प्रसूतिकक्षातील नेमणूक मागून घ्यावी आणि अनुभवाचा दाखला दर वर्षी लेखी घेऊन ठेवावा.