बिनव्याजी असेल तर व्याज कोण भरतं?

आजच्या भागात आपण उधारीचा इतिहास ऐकणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. पण दुकानातल्या वहीलाही इतिहास असतो, आणि पर्समधल्या प्लॅस्टिकच्या कार्डालाही. तालुक्याच्या बाजारात हल्ली शिलाई मशीन, फ्रीज, मोबाइल असं सगळं "शून्य टक्के व्याजावर" मिळतं. गटातल्या अनेकजणी आम्हाला विचारतात, "ताई, हे खरंच बिनव्याजी असतं का? कार्ड घ्यावं का?" याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. काल हसून पैसे देणारा सावकार आज दारात उभा राहिला. १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या खताला तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा होता. सावकारांनी मात्र दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवं खत लिहून घ्यायचं, असा मार्ग काढला. व्याजावर व्याज चढत गेलं. वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा कशावर उठवला, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक उठले. त्यांनी सावकारांकडची खतं आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा राग कागदावर होता, कारण त्यांना बांधलं होतं ते कागदानेच. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यामुळे कर्जाचा मागचा सगळा हिशेब उलगडून पाहण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला आणि दिलेल्या पैशाची पावती मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. हा हक्क लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्याच सुमारास अमेरिकेत उधारीची दुसरी तऱ्हा रुळली होती. सिंगर कंपनीचं शिलाई मशीन साध्या कुटुंबाला रोखीत परवडत नसे. १८५६ साली या कंपनीने थोडी रक्कम आधी घेऊन बाकी महिन्याच्या हप्त्याने फेडायची सोय काढली. मशीन घरी यायचं, बाई त्यावर कमवायची आणि त्यातूनच हप्ता भरायची. शेवटचा हप्ता जाईपर्यंत मशीन मात्र कंपनीच्या मालकीचं. हप्ते थकले की मशीन परत. हप्त्याने घेतलेलं मशीन रोखीपेक्षा महाग पडायचं. तरीही ज्या बाईने त्यावर शिवणकाम केलं, तिला ते परवडलं. ज्या घरात ते झाकून ठेवलं गेलं, तिथे हप्ता नुसताच गेला.

कार्ड आलं १९५० साली. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनर्स क्लब काढला. कार्ड दाखवून हॉटेलात जेवायचं आणि महिन्याअखेर सगळं बिल एकदम भरायचं. त्यावर व्याज नव्हतं. मग कंपनीला काय मिळायचं? ती हॉटेलवाल्याकडून शंभरामागे सात डॉलर कापून घ्यायची, वर कार्डवाल्याकडून वार्षिक फी. म्हणजे पैसे भरले जातच होते, फक्त बिलावर दिसत नव्हते.

१९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने जवळपास साठ हजार कार्डं न मागताच घरोघर टपालाने पाठवली. याच कार्डाचं पुढे व्हिसा झालं. इथे एक नवी गोष्ट होती. बिल पूर्ण भरलं नाही तरी चालेल, थोडं भरा, बाकी पुढच्या महिन्यात, पण व्याज लावून. "थोडं भरलं तरी चालतं" या एका वाक्यावर पुढे या धंद्याची मोठी कमाई उभी राहिली. आपल्या सुप्यातल्या नव्या खतासारखंच हे. जुनं फिटत नाही, ते पुढे लिहिलं जातं.

बायकांची गोष्ट वेगळीच होती. अमेरिकेतही कमावत्या बाईला कार्ड हवं असेल तर अनेक ठिकाणी नवऱ्याची सही मागत. १९७४ साली कायदा झाला आणि बाई आहे किंवा लग्न झालंय म्हणून पत नाकारायला मनाई झाली. म्हणजे स्वतःच्या नावाची पत ही बायकांनी मिळवलेली गोष्ट आहे. आपल्याकडे १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा जमीन नावावर नसलेल्या बायकांना गटाच्या शब्दावर कर्ज मिळू लागलं. म्हणून "कार्ड वाईट, हात लावू नका" असं आम्ही म्हणणार नाही. पत जपून वापरायची असते.

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली क्रेडिट कार्ड आणलं. पुढे "शून्य टक्के हप्ता" दुकानोदुकानी पोचला. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली व्याज लपवलं जातं, तसं करू नका. त्यानंतर "नो कॉस्ट" हे नाव पुढे आलं. त्यात व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात. पण बँक लावते त्या व्याजावर जीएसटी आपल्याकडून घेतला जातो, बऱ्याचदा प्रक्रिया शुल्कही असतं. शिवाय रोखीने घेतलं असतं तर मिळाली असती ती सूट जाते ती वेगळीच.

खरं बिनव्याजी असतं का मग? असतं, पण अटीवर. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज पडत नाही, कारण ते सरकार भरतं. मुदत चुकली की सवलत गेली. कार्डाचंही तसंच. समजा बिल दर महिन्याच्या २० तारखेला निघतं आणि पुढच्या महिन्याच्या ९ तारखेपर्यंत भरायचं असतं. ५ जूनला घेतलेल्या मशीनचे पैसे ९ जुलैला द्यायचे, म्हणजे ३४ दिवस बिनव्याजी. तेच २१ जूनला घेतलं तर ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे ४९ दिवस. पण बिल पूर्ण भरलं नाही की ही मुदत रद्द होते. बाकीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं, नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासूनच व्याज.

हे व्याज किती? बऱ्याच कार्डांवर महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास. आपल्या गटात शेकडा दोनने कर्ज देतात, तरी आपण कुरकुरतो! दहा हजार थकले तर महिन्याला ३५० रुपये, वर्षाला ४,२०० आणि वर चक्रवाढ. गटाचं व्याज निदान गटातच राहतं. शेकडा तीसच्या वर वार्षिक व्याज घेणं अनुचित आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे आता आपल्याला आपणच सांभाळायचं आहे.

तरी काही हक्क आपल्या हातात आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे न मागता कार्ड देता येत नाही. दिलं आणि त्याचं बिल लावलं, तर ते रद्द करून दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावी लागते. बाकी काही देणं नसेल तर अर्ज केल्यावर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

कार्ड निवडताना चार गोष्टी विचारा. वार्षिक फी किती? महिन्याचं व्याज शेकडा किती? बिल कोणत्या तारखेला निघतं आणि आपला दुधाचा, मजुरीचा पैसा त्यानंतर हातात येतो का? उशीर झाला तर दंड किती? खरेदी करताना दुकानदाराला रोखीची किंमत आधी विचारा आणि मग हप्त्यांची एकूण बेरीज करा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं व्याज, त्याला नाव काहीही असो. आणि मिळकत पाहून घ्या. मशीन कमावणार असेल तर हप्ता भरता येतो, नुसतं शोभेला असेल तर थांबलेलं बरं.

सुप्याच्या लोकांना आपला हिशेब वाचता येत नव्हता. आपल्या गटात आज लिहिता-वाचता येणाऱ्या मुली आहेत. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी आपलं बिल घेऊन या. कार्डाचा नंबर झाकून ठेवा आणि तीन ओळी मोठ्याने वाचा: एकूण देणं, किमान देणं आणि शेवटची तारीख. किमान देण्याची ओळ वाचून झाली की तिच्याकडे पाहू नका, भरायची ती पहिली ओळ.