सतत पडणारा ब्रेकर : बर्कले शहरातील दोन शोध

अमेरिकेतील एखाद्या घरामागचे अंगण, थंडीची रात्र, वाफाळणारा हॉट टब. मालक बटण दाबतो, पंप घरघरतो आणि क्षणार्धात सारे शांत होते. भिंतीवरील ब्रेकर पडलेला असतो. वर केला की पुन्हा पडतो. ब्रेकरच बिघडला, असा मालकाचा समज होतो. बहुतेक वेळा ब्रेकर आपले काम चोख करीत असतो आणि त्या कामाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. टब आणि ब्रेकर या दोहोंची मुळे कॅलिफोर्नियातील एकाच शहरात सापडतात. ते शहर म्हणजे बर्कले.

प्रथम टबाची कथा. इटलीच्या फ्रिउली प्रांतातून आलेल्या जकुझी बंधूंचा बर्कले येथे विमानांचे पंखे बनवण्याचा कारखाना होता. पुढे त्यांनी स्वतःचे विमानही तयार केले. १९२१ मध्ये ते कोसळले. त्यात बंधूंपैकी जिओकोंदो याच्यासह विमानातील सर्वजण मृत्युमुखी पडले. कुटुंबाने विमाने सोडली आणि शेतातील विहिरींसाठी पंप बनवण्यास प्रारंभ केला.

धाकटा भाऊ कँडिडो याच्या केनेथ या मुलाला अगदी लहानपणी संधिवाताने ग्रासले. रुग्णालयातील पाण्याच्या मालिशीने त्याला आराम पडे, पण रोज रुग्णालय गाठणे कसे जमावे? कुटुंब पंपांच्या धंद्यातलेच. त्यांनी घरच्या न्हाणीटबात ठेवता येईल असा पंप तयार केला. १९५६ मध्ये तो ‘जे-३००’ या नावाने बाजारात आला आणि १९६८ मध्ये रॉय जकुझी याने पाण्याचे झोत टबाच्या भिंतीतच बसवले. त्याच दशकात कॅलिफोर्नियातील काही हौशी मंडळी वाइनच्या जुन्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून बसू लागली होती. या दोन प्रवाहांतून आजचा हॉट टब घडला. त्यात हीटर, पंप, दिवे आणि या सर्वांच्या मधोमध गळ्यापर्यंत बुडालेला माणूस.

धोका नेमका इथेच आहे. कोरडी त्वचा विजेला पुष्कळ अडवते, पण भिजलेल्या शरीराचा रोध सुमारे हजार ओमपर्यंत उतरू शकतो. १२० व्होल्टवर अशा शरीरातून १२० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाचा ताल बिघडवायला एवढा पुरेसा आहे. घरातील साधा ब्रेकर मात्र १५ अथवा २० अँपिअरचा असतो. त्याची निर्मिती तारा तापून आग लागू नये म्हणून झालेली आहे. माणूस मरत असताना त्याला काहीच जाणवणार नाही.

आता दुसरा बर्कलेकर. चार्ल्स डॅल्झिएल हे कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९४० च्या दशकात त्यांनी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला : विजेची तार हातात आलेला माणूस ती सोडून का देत नाही? विजेने स्नायू आकुंचन पावतात. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंहून बलवान असल्याने हात तारेवर आवळलेलाच राहतो. माणूस शुद्धीवर असतो, सोडण्याची धडपड करतो, पण बोटे ऐकत नाहीत.

ही मर्यादा मोजण्यासाठी डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांच्या हाती तांब्याची तार दिली. हात मिठाच्या पाण्याने ओले केलेले. प्रवाह हळूहळू वाढवत नेला जाई आणि तार सोडणे अशक्य झाले की आकड्याची नोंद होई. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया या यातनेतून गेल्या. आजच्या कोणत्याही नीतिसमितीपुढे असा प्रस्ताव सहजासहजी टिकला नसता. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर आली, स्त्रियांची १०.५.

परंतु सरासरीवर विसंबून यंत्र बनवले तर निम्म्या माणसांचा बळी जाईल. म्हणून डॅल्झिएल यांनी सर्वांत दुर्बळ अर्ध्या टक्क्याचा विचार केला. तेथे पुरुषांचा आकडा ९ निघाला, स्त्रियांचा ६. अमेरिकेतील ५ मिलिअँपिअरची मर्यादा या आकड्यांवर उभी आहे.

दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी १९५५ मध्ये सुवर्णखाणींसाठी गळती ओळखणारे साधन बनवले होते, पण ते २५० मिलिअँपिअरला चाले. १९६१ मध्ये डॅल्झिएल यांनी घरगुती वापराजोगे साधन सिद्ध केले. त्यामागील तत्त्व एखाद्या कारकुनाच्या जमाखर्चासारखे आहे. जाणारी आणि परतणारी तार एकाच कड्यातून नेतात. गेलेली वीज पूर्ण परतली तर हिशेब जुळतो. ५ मिलिअँपिअरची तूट पडली, म्हणजे वीज पाण्यातून, धातूतून किंवा कुणाच्या शरीरातून जमिनीकडे निघाली आहे. मग डोळ्याचे पाते लवण्याआधी पुरवठा तुटतो. भारतातील घरांत बसवल्या जाणाऱ्या आरसीसीबीचा आकडा बहुधा ३० मिलिअँपिअर असतो. त्यामागचा हिशेब हृदयाचा ताल बिघडण्यापूर्वी वीज तोडण्याचा आहे. अमेरिकन आकडा हाताच्या मुठीवरून ठरला.

अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९६८ मध्ये जलतरण तलावांतील पाण्याखालच्या दिव्यांसाठी हे संरक्षण सक्तीचे केले. १९७५ मध्ये न्हाणीघरांची पाळी आली, १९८१ मध्ये झोतांच्या टबांची. तक्रारीही सुरू झाल्या : हा ब्रेकर उगाच पडतो. काहींनी तो काढून साधा ब्रेकर बसवला. अशा टबात उतरणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे होय.

जमाखर्चाचे हे तत्त्व ध्यानी घेतले की दुरुस्तीही उलगडते. नवा टब जोडताक्षणी ब्रेकर पाडत असेल, तर जाणते वायरमन आधी न्यूट्रल तपासतात. ती तार ब्रेकरला न जोडता थेट पॅनेलच्या पट्टीला जोडली असेल, तर परतणारी वीज कड्याला चुकवून जाते. गळती नसूनही वहीत तूट दिसते.

वर्षानुवर्षे चाललेला टब अचानक ब्रेकर पाडू लागला, तर पहिला संशय हीटरवर. त्याच्या धातूच्या नळीत तापणारी तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. पाण्यातील रसायनांनी नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, की भुकटी ओल धरते आणि वीज झिरपू लागते. हीटर पाणी तापवत राहतो, त्यामुळे मालकाला काहीच वावगे दिसत नाही. वायरमन मुख्य पुरवठा बंद करून हीटरच्या तारा सोडवतो, टोके झाकतो आणि मग ब्रेकर वर करतो. तो टिकला तर गुन्हेगार सापडला. नाही टिकला तर हीच रीत पंपासाठी, मग ओझोन यंत्रासाठी, एकेक करून.

ब्रेकरवर ‘टेस्ट’ लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबल्यावर आतील रोधकातून मुद्दाम थोडी वीज कड्याला चुकवून नेली जाते आणि ब्रेकर पडायलाच हवा. महिन्यातून एकदा ते दाबावे असे उत्पादक सांगत आले, फार थोडे लोक ऐकत आले. अखेर २०१५ पासून अमेरिकेत नव्या साधनांनी स्वतःच स्वतःची तपासणी करावी, असे बंधन आले.